एक कट्टा, एक डबा

गेल्या आठवड्यात भाचा एक डबा घेऊन घरी आला. काळा, रुंद तोंडाचा, किलोभर वजनाचा. वर पिळदार दंडाचं चित्र आणि एक हिरवं पान. "मामा, हे वनस्पतीचं आहे, दुधाचं नाही. पोटाला बाधत नाही म्हणतात."

पोरगा पोलीस भरतीच्या तयारीत आहे. पहाटे साडेपाचला क्रीडा संकुलाच्या मैदानावर हजर असतो. सोळाशे मीटरला २० गुण, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. एका गुणानं नाव यादीतून जातं, हे त्यानं मागच्या भरतीत भोगलंय. म्हणून त्याच्या हातातल्या डब्याला मी नावं ठेवणार नाही. ज्याला सोळाशेमध्ये दहा सेकंद कमी करायचेत, तो कुणी सांगेल ते करून बघतो.

मी एवढंच विचारलं, केवढ्याला पडला? २,१९९ रुपये. पैसे आईनं दिले. आईनं कुठून दिले, ते मला माहीत होतं, कारण आडत्याची पट्टी मीच तिच्या हातात दिली होती. बहिणीचं शेत परंडा तालुक्यात आहे. सप्टेंबर २०२५च्या पुरात निम्मं सोयाबीन पाण्यात बसलं. जे हाती लागलं ते काळपट, दमट निघालं आणि ३,६०० रुपये क्विंटलनं गेलं. त्या हंगामाचा हमीभाव होता ५,३२८.

डबा फिरवला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांच्या यादीत पहिलंच नाव: सोया प्रोटीन आयसोलेट.

पट्टीच्याच पाठीवर हिशेब मांडला. छत्तीस रुपये किलोच्या भावानं २,१९९ रुपयांचं सोयाबीन म्हणजे एकसष्ट किलो. गच्च भरलेला एक कट्टा. माझ्या बहिणीनं सोयाबीनचा एक कट्टा दिला आणि त्याच्या बदल्यात तिच्या घरात सोयाबीनचाच एक डबा आला. पेरणी तिची, खुरपणी तिची, चिखलातून काढणी तिची, आणि डबाही तिच्याच पैशाचा.

हे मला सहन होत नाही. म्हणून या आठवड्याचं सदर या डब्यावर.

०००

आधी ग्रॅमचा भाव बघू. डब्यावर लिहिल्याप्रमाणे ३३ ग्रॅमच्या एका चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन. डब्यात असे ३० चमचे. म्हणजे किलोभर डब्यात ७२० ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला तीन रुपये.

आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फुटाणे १४० रुपये किलो आहेत. त्यात शेकडा वीसच्या आसपास प्रोटीन. ग्रॅमला सत्तर पैसे. सुटी सोयावडी १३० रुपये किलो, तिच्यात शेकडा बावन्न. ग्रॅमला पंचवीस पैसे. आणि बहिणीनं विकलेलं सोयाबीन? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत सोयाबीनमध्ये शेकडा ३५ ते ३८ प्रोटीन दिलंय. छत्तीस रुपये किलोनं ग्रॅमला पडले दहा पैसे.

दहा पैशांनी गेलं आणि तीन रुपयांनी परत आलं. तीसपट.

कुणी म्हणेल, कारखान्यात त्यावर मेहनत होते. होते, नाकारत नाही. सोयाबीनमधलं तेल काढतात, उरलेल्या पिठातलं प्रोटीन अल्कलीच्या पाण्यात विरघळवतात, मग आम्ल घालून ते दुधासारखं फाडतात, खाली बसलेला साका धुतात आणि गरम हवेत फवारून त्याची भुकटी करतात. म्हणून तर शेकडा नव्वदपर्यंत प्रोटीनची पावडर तयार होते. त्या कष्टाचे पैसे घ्या. पण सोयावडीही कारखान्यातच होते. तीही तेल काढलेल्या सोयापिठाचीच, तीही शिजून, दाबून, फुलून येते. तिला पंचवीस पैसे पुरतात. उरलेल्या पावणेतीन रुपयांत चॉकलेटची चव आहे, डबा आहे, चित्रातला दंड आहे आणि आमच्या पोरांच्या मनात पेरलेली भीती आहे: डबा नाही घेतला तर मागं पडशील.

०००

पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणतात. धाराशिवात त्याहून वाईट झालंय. आमच्याकडं सोयाबीन पिकतं, विकतं. शिजत मात्र नाही.

खरिपात या जिल्ह्यातलं सगळ्यांत मोठं पीक हेच आहे. माझ्या लहानपणी शिवारात सोयाबीन नव्हतं. पावसाळ्यात मूग असायचा, उडीद असायचा, तुरीच्या ओळी असायच्या, बांधाकडेला हुलगे आणि मटकी. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं. जेएस ३३५ हे वाण म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी बसलं. शंभर दिवसांत पैसा, मजूर कमी, विक्रीची हमी. शेतकऱ्यानं ते का धरलं, हे मला चांगलं कळतं आणि त्याचा दोष मी त्याला देत नाही. पण मुगाचं एक पोतं घरी राहायचं, उडदाचं अर्धं राहायचं. सोयाबीनचा दाणाही घरी राहात नाही. मळणी यंत्राखालून कट्ट्यात, कट्ट्यातून टेम्पोत, टेम्पोतून आडतीवर. शंभर किलोतून अठराएक किलो तेल निघतं आणि ऐंशीच्या आसपास पेंड. पेंड बहुतेक कोंबडीखाद्यात जाते.

म्हणजे आमच्या रानातलं प्रोटीन कोंबडीपर्यंत पोचलं, पोरापर्यंत पोचलं नाही. नीती आयोगानं २०१८ साली देशातले मागास जिल्हे निवडून 'आकांक्षित' ठरवले. महाराष्ट्रातल्या चारांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आमचं तेव्हाचं उस्मानाबाद. या मोजमापात पोषणही होतं. प्रोटीनचे डोंगर रचणारा जिल्हा पोषणात मागं मोजला जातो, याची मला लाज वाटते आणि रागही येतो.

काही डब्यांत सोयाऐवजी वाटाण्याचं प्रोटीन असतं, त्याचीही तीच कथा आहे. ते पिवळ्या वाटाण्यापासून होतं आणि तो वाटाणा मुख्यतः कॅनडात, रशियात पिकतो. डिसेंबर २०२३मध्ये आपल्या सरकारनं पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त केली आणि मुदत पुन:पुन्हा वाढवत नेली. नोव्हेंबर २०२५पासून ३० टक्के शुल्क लागलं, तोवर दोन हंगाम उलटले होते. स्वस्त वाटाण्यानं हरभऱ्याचा आणि तुरीचा भाव पाडला, हे मोंढ्यात कुणालाही विचारा. शेतकऱ्याची तूर पडून राहिली आणि त्याच्या पोराला वाटाण्याचा डबा घ्यायला सांगितलं गेलं.

०००

भाच्याला समोर बसवलं आणि कालच्या दिवसात काय काय खाल्लं ते सांग म्हटलं.

पहाटे चहा, दोन बिस्किटं. दहाला दोन भाकरी, वांग्याची भाजी. रात्री तीन भाकरी, वरण, ठेचा. बस्स. दोन भाकरी आणि तीन भाकरी, पाच झाल्या. एका भाकरीला ८० ग्रॅम पीठ धरा, ज्वारीत शेकडा दहा प्रोटीन, झाले चाळीस ग्रॅम. वरणाला किती डाळ घालता, हे बहिणीला फोनवर विचारलं. "पाच माणसांत एक वाटी." साठ ग्रॅमची वाटी. भाच्याच्या वाट्याला आली बारा ग्रॅम डाळ, म्हणजे अडीच ग्रॅम प्रोटीन. फोनवर ती जरा थांबून म्हणाली, "दादा, डाळ काय भावाची झालीय बघ ना." तिनं तूर पेरली होती, तीही विकली. आता विकत आणते, म्हणून वाटी लहान झाली.

साधं जगणाऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं आपल्याच आयसीएमआरनं २०२० साली सांगितलंय. भाचा ६२ किलोचा. त्याला साधेपणी बावन्न ग्रॅम लागतील. पण तो रोज पळतो, गोळा फेकतो, जोर काढतो. असा व्यायाम करणाऱ्यांसाठी खेळाच्या आहारातले जाणकार किलोमागं १.२ ते २ ग्रॅम सांगतात. खालची बाजू धरली तरी चौऱ्याहत्तर. मिळतात बेचाळीस-त्रेचाळीस. त्याची तूट खरी आहे. त्याला अशक्तपणा वाटतो तोही खरा आहे. डबा विकणाऱ्यानं त्याची भूक ओळखली, आम्ही घरच्यांनी ओळखली नाही, हे आधी कबूल करायला हवं.

आणखी एक गोष्ट नुसत्या आकड्यात दिसत नाही. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही ताटात असतील तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्याकडं भाकरीशी वरण जोडलं, पिठलं जोडलं, मटकीची उसळ जोडली, ते या जोडीनंच टिकलं. आता भाकरी तेवढीच राहिली आणि जोडीदार पातळ होत गेला. तूट आहे ती तिथं, डाळीच्या वाटीत.

मग भरून कशी काढायची? पन्नास ग्रॅम फुटाणे, दहा ग्रॅम प्रोटीन, सात रुपये. चाळीस ग्रॅम कोरडी सोयावडी, वीस ग्रॅमवर प्रोटीन, सव्वापाच रुपये. एकतीसची तूट बारा-साडेबारा रुपयांत बुजली. डब्यातला एक चमचा त्र्याहत्तर रुपयांना पडतो आणि चोवीस ग्रॅमच देतो. महिन्याला २,१९९ म्हणजे वर्षाला सव्वीस हजार. या पैशात बहिणीच्या घरातली वरणाची वाटी दुप्पट होईल, पाचही माणसांची.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४मध्ये भारतीयांसाठी सतरा आहारसूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतही स्पष्ट लिहिलंय की प्रोटीन वेगवेगळ्या अन्नांच्या जोडीतून मिळवा, स्नायू फुगवण्यासाठी पावडरी टाळा. मैदानावरच्या किती प्रशिक्षकांनी हे पोरांना वाचून दाखवलं?

०००

आता दुसरी बाजू, कारण मी स्वतः डबा विकत घेतलेला आहे.

आईला सत्त्याहत्तराव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर जेवण सुटलं. कवळी घट्ट बसेना, उसळ चावेना, दूध तिला आयुष्यात कधी पचलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, प्रोटीन वाढवा, नाहीतर जखम भरायला वेळ लागेल आणि मांडी अशीच बारीक होत जाईल. दोन चमचे पेजेवर जगणाऱ्या माणसाला सोयावडी खा म्हणणं म्हणजे क्रूरपणा. अशा माणसासाठी पावडर आहे. ज्याला चावता येत नाही, ज्याची भूकच मेलीय, जो आजारातून उठतोय, त्याच्यासाठी. डायलिसिसवर असलेल्या माणसालाही प्रोटीन जास्त लागतं. पण ज्याची किडनी दुखावलेली आहे आणि डायलिसिस सुरू नाही, त्याला उलट जपून घ्यावं लागतं. म्हणून किडनीच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही नाही.

तर आईसाठी निवडताना मी जे शिकलो ते सांगतो. डब्याची पुढची बाजू वाचूच नका. ती विकण्यासाठी असते. मागं बघा, शंभर ग्रॅममागं प्रोटीन किती. वाटाण्याचं किंवा सोयाचं आयसोलेट असेल तर पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढं असायला हवं. चाळीस असेल तर तुम्ही भाजलेलं पीठ विकत घेताय, तेवढं घरी होतं. मग घटकांची यादी. कायद्यानं ती वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. जो घटक पहिला, तोच सर्वांत जास्त. पहिल्या दोन-तीनांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर दिसली तर डबा परत ठेवा.

यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तरी परत ठेवा. हे नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथं होते. प्रोटीन मोजायची जुनी पद्धत १८८३ साली डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी शोधली. त्यात प्रोटीन थेट मोजत नाहीत. पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि बहुधा ६.२५नं गुणतात. आता ज्याला डब्यावर मोठा आकडा छापायचाय, तो स्वस्तातला नायट्रोजनवाला पदार्थ मिसळतो. आकडा वाढतो, प्रोटीन वाढत नाही. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दुधात मेलामाइन याच कारणासाठी मिसळलं गेलं आणि लाखो बाळं आजारी पडली. भाच्याच्या एका मित्राच्या डब्यावर ग्लायसिन तिसऱ्या नंबरला होतं. त्या मुलाचे वडील साखर कारखान्याच्या टोळीत ऊस तोडायला जातात. त्या डब्याचे पैसे कोयत्यानं मिळवलेले आहेत.

हे काही माझ्या मनातलं भय नाही. केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरिएक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. २०२४ साली 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. सुमारे सत्तर टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींत तर निम्माच निघाला. चौदा टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष सापडलं. बुरशी आलेलं सोयाबीन आडत्या बोटानं चाळून बाजूला काढतो आणि आमचा भाव पाडतो. डब्यातली बुरशी कोण चाळतं?

वनस्पतीच्या पावडरीत शिशाचा प्रश्नही आहे. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेनं ऑक्टोबर २०२५मध्ये तिथली २३ उत्पादनं तपासली, तेव्हा वनस्पतीजन्य पावडरींतलं शिसं दुधाच्या पावडरींच्या सरासरी नऊपट निघालं. झाड जमिनीतून जे मिळेल ते ओढून घेतं आणि आयसोलेट करताना ते प्रोटीनबरोबर दाट होऊ शकतं. म्हणून मी कंपन्यांना ज्या खेपेचा डबा विकताय तिचा जड धातूंचा तपासणी अहवाल मागितला. पहिल्या कंपनीच्या ग्राहकसेवेनं तीन आठवडे उत्तर दिलं नाही, चौथ्या फोनला सांगितलं की "सर, आमचं प्रॉडक्ट नॅचरल आहे." दुसऱ्या कंपनीनं दोन दिवसांत खेपेच्या क्रमांकासह अहवाल पाठवला. डबा त्यांचा घेतला. ही रीत सगळ्यांनी धरावी. जो अहवाल देत नाही त्याचा डबा घेऊ नये, मग त्यावर कुठल्याही खेळाडूचं चित्र असो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक तर असायलाच हवा, पण त्यानं डब्यात काय आहे ते कळत नाही. विकणारा कोण आहे तेवढं कळतं.

आईला चव नसलेली, नुसत्या वाटाण्याची पावडर आणली. गरम वरणात टाकली की गुठळ्या होतात आणि ती तोंडात वाळूसारखी लागते. मग आधी वाटीभर ताकात कालवायची, रवीनं घुसळायची, आणि वरण चुलीवरून उतरल्यावर त्यात सोडायची. आईनं ती अडीच महिने खाल्ली. मग कवळी बदलली, उसळ सुरू झाली, डबा बंद केला. तिची थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून सोया टाळून वाटाणा घेतला. सोया पोटात असलं की ती गोळी नीट शोषली जात नाही. ज्यांना सोयाच घ्यायचंय त्यांनी गोळीपासून तीन-चार तासांचं अंतर ठेवावं.

०००

मैदानावर एक समजूत पसरलीय, तिचा निकाल लावू. सोयाबीननं पोरं बायकी होतात. भाच्याचा प्रशिक्षक हेच म्हणाला आणि मग सोया पहिल्या नंबरला असलेला डबा त्याला दाखवला! सोयातल्या आयसोफ्लेव्हॉन्सची रचना स्त्रीसंप्रेरकाशी थोडी जुळते, तिथून हे निघालं. पुरुषांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२१ साली पुन्हा मांडला गेला; सोयानं टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही, असाच निष्कर्ष आला. जपान आणि चीन शेकडो वर्षं सोया खातात. पोरांना घाबरवू नका.

घाबरायचं असेल तर कच्च्या सोयाबीनला घाबरा. त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असतो, ट्रिप्सिन रोधक. उष्णतेनं तो मोडतो. म्हणून मुगासारखं मोड आणून कच्चं खाऊ नका, कच्चं दळून पिठात मिसळू नका. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, पाणी टाकून द्या, कडक उन्हात खडखडीत वाळवा. मग नऊ किलो गव्हाला एक किलो, या प्रमाणात मिसळून दळा. गव्हातलं शेकडा साडेदहा प्रोटीन तेरापर्यंत जातं. चपातीची चव फारशी बदलत नाही.

आमच्या गिरणीवाल्यानं पहिल्यांदा नकार दिला. "सोयाबीन तेल सोडतं हो, दगड बसतो." त्याचं बरोबर होतं, नुसतं सोयाबीन दळायला घातलं की पीठ दगडाला लिंपून बसतं. गव्हात आधीच हातानं कालवून नेलं आणि शेवटी किलोभर नुसती ज्वारी घातली की दगड साफ निघतो. आता तोच दुसऱ्यांना सांगतो. पंधरा दिवसांचंच दळा, जास्त ठेवलं तर खवट होतं. आणि त्यासाठी राशीतलं पहिलं, कोरडं, पिवळंधमक दहा-वीस किलो बाजूला काढा. पुरातलं, काळं, बुरशीचं घरात खायला नको.

पावडरीचं आपल्याला वावडं कधीच नव्हतं. मराठवाड्यातल्या घरात येसराचा डबा असतोच. ज्वारी-बाजरी, गहू, हरभराडाळ भाजून मसाल्यांसकट दळलेली पावडर. पाहुणा आला, भाजी नसली, की येसर आमटी. चवीला तोड नाही, पण आमटीत चमचा-दोन चमचेच पडतात. तिच्यावर प्रोटीनचा भार टाकता येणार नाही. भार घ्यायचा तो सातूनं. डाळवं तीन वाटे, भाजलेला गहू दोन वाटे, जरा सुंठ. पन्नास ग्रॅम सातूत साडेआठ-नऊ ग्रॅम प्रोटीन. ताकात कालवा, गुळाच्या पाण्यात कालवा. भरतीच्या पोरांनी पळून आल्यावर घ्यायला याहून सोपं काही मला सुचत नाही.

०००

आणि शेत? तिथंही उत्तर याच जिल्ह्यात घडलेलं आहे. १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादेत बायकांबरोबर 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेचं काम उभं राहिलं. प्रेमा गोपालन यांनी ती उभारली. पुढं दुष्काळाच्या वर्षांत या बायकांनी नवऱ्याकडं, सासऱ्याकडं एक मागणी केली: एक एकर माझ्याकडं द्या, तिथं काय पेरायचं ते मी ठरवीन. त्या एकरात सोयाबीन आणि ऊस नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा, ज्वारी, भाजीपाला, मिसळून. आधी घरात, उरलं तर बाजारात. 'एक एकर मॉडेल' म्हणून ते ओळखलं गेलं. तुळजापूर तालुक्यातल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या बायकांनी ते गावोगाव नेलं. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' या संस्थेला मिळाला. एकर मागणं सोपं नव्हतं. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई जमीन मागते म्हणजे घरात काय काय ऐकून घेते, ते आपण जाणतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकर घेतलं.

मी बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एक एकर नको, वीस गुंठे तरी मागते. विहिरीजवळचे." जूनमध्ये तिथं मूग आणि कडेनं तूर टाकायची ठरलीय. दाजी अजून हो म्हणाले नाहीत.

भाच्यानं डबा परत करायचा म्हटला, पण झाकण उघडल्यावर दुकानदार घेत नाही. मग तो संपवायचा ठरला, रोज अर्धा चमचा, आणि उरलेली तूट सोयावडी-फुटाण्यांनी भरायची. काल रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. मागून बहिणीचा आवाज येत होता, कुकरची शिट्टी होत होती.

"मामा, सोयावडी भिजवल्यावर पिळून घ्यायची का पाण्यासकट टाकायची?"

पिळून घे, म्हटलं. दोनदा.